विषय : जागतिक भूगोलाच्या क्विझमधील चुकीची उत्तरे आणि वर्गणीचा परतावा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

तुमच्या भूगोल क्विझची मी वर्षभराची वर्गणी भरली आहे. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतली मुलं संध्याकाळी पडवीत जमतात आणि मोबाईल मधे ठेवून ही क्विझ खेळतात. मुलांना तिची गोडी लागली आहे, म्हणूनच अ‍ॅप काढून न टाकता पत्र लिहायला बसले.

कझाकस्तानची राजधानी विचारलीत. एका मुलीने 'अस्ताना' निवडलं, तर लाल फुली! तुमचं उत्तर नूर-सुलतान. ते नाव २०१९ मध्ये दिलं होतं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारनेच परत अस्ताना केलं. मुलीने शाळेच्या नकाशात बघून उत्तर दिलं होतं, ती माझ्याकडे बघत राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नात प्रिटोरिया आणि केप टाउन दोन्ही पर्याय दिलेत आणि बरोबर धरलंत एकच. प्रशासन प्रिटोरियात, संसद केप टाउनला. मग 'प्रशासकीय राजधानी' असं स्पष्ट विचारायला काय हरकत होती?

सगळ्यात राग आला तो आमच्याच किनाऱ्याचा. भारताच्या किनाऱ्याची लांबी तुमच्याकडे ७,५१६.६ किमी. केंद्र सरकारचा सुधारित आकडा ११,०९८.८१ किमी आहे. महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ वरून ८७७.९७ किमी झाला. हे मी सांगितल्यावर एक पोरगा म्हणाला, "म्हंजे किनारो वाढलो काय?" किनारा आहे तिथेच आहे, मोजणी बारीक झाली. जुनं माप ढोबळ नकाशावरचं, नवं १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावरचं. सरळ रेघ मारली तर वाघोटनची खाडी हिशेबातच येत नाही. तिची वळणं धरली की किलोमीटर वाढत जातात. पोरांना हे पटकन कळलं, कारण खाडीला वळसा घालून पलीकडे जायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक आहे. इतका चांगला प्रश्न तुम्ही एका शिळ्या आकड्यावर घालवलात. पाठ्यपुस्तकातला जुना आकडाच हवा असेल तर निदान तो कोणत्या मोजणीचा, ते प्रश्नात लिहा.

नकाशावर बोट ठेवायच्या प्रश्नांचं तर विचारूच नका. लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. लहान स्क्रीनवर बोट नेमकं बाहेर पडतं आणि गुण जातात. झूमची सोय द्या. पावसात रेंज गेली तरी तुमचं घड्याळ पळत राहतं, तेही थांबवा.

प्रत्येक चूक मी अ‍ॅपमधून कळवली. दर वेळी तेच उत्तर : 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे.' मौल्यवान आहे तर वापरा की! प्रश्न अजून जसेच्या तसे आहेत.

माझी मागणी अशी : वरची उत्तरं दुरुस्त करा, प्रत्येक उत्तराखाली ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख टाका आणि मुलांचे कापलेले गुण परत द्या. हे जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

स्क्रीनशॉट आणि वर्गणीची पावती सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली वर्गणीदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग