ताई, सॅम्पल हललं होतं

प्रिय ताई,

परवा थीसिस जमा केला. आभाराच्या पानावर तुझी एक ओळ आहे, पण गाईड, फेलोशिप आणि आईबाबांच्या गर्दीत ती कुणाला दिसायची नाही. म्हणून हे उघड पत्र. नाव घालत नाही, तुला आवडायचं नाही.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलला, प्रखर क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्राच्या कॅन्टीनमध्ये मी फोनवर "हो गं आई, जेवलो" म्हणालो आणि शेजारच्या टेबलावरून तू विचारलंस, "कुठला रे?" तेव्हा माझ्या डबीत गावच्या विहिरीतून निघालेल्या काळ्या खडकाचे कण होते, केसाहून बारीक. बसाल्टमध्ये पोकळी किती टक्के, हे मोजता येतं. पण ती छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का? कॉलेजच्या मायक्रो-सीटीत, म्हणजे छोट्या नमुन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, ती सुटी सुटी दिसायची. मधल्या वाटा असल्याच तर मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, अरुंद.

पहिल्या दोन शिफ्ट, म्हणजे १६ तास, मी वाया घालवले. रिकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे सॅम्पल फिरवत काढलेल्या फोटोंतून जुळवलेल्या त्रिमितीय चित्रात, प्रत्येक छिद्राला दुहेरी कडा. मी सॉफ्टवेअरशी झटापट करत बसलो होतो. रात्री दोनला तू आलीस आणि त्रिमितीय चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. "फेरी संपल्यावर शून्य अंशाचा फोटो परत काढलास का?"

नव्हता काढला. काढला, पहिल्यावर ठेवला. खडकाचा कोपरा दोन मायक्रॉन खाली! पिक्सेल ३० नॅनोमीटरचा (हजार नॅनोमीटरचा एक मायक्रॉन), म्हणजे साठ-सत्तर पिक्सेलची घसरण.

"पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी ना? पाच मिनिटं फक्त पाकिटावर असतात."

तू दुसऱ्या गोंदाने, अगदी टिपूसभर लावून, नवा कण टाचणीच्या टोकावर बसवलास. मग तो हचमध्ये, म्हणजे स्कॅनच्या बंद खोलीत, नुसता ठेवून दिला. गोंद मुरेपर्यंत आणि तापमान स्थिरावेपर्यंत हात लावायचा नाही, असा हुकूम.

त्या रिकाम्या वेळात मला पहिल्यांदा कळलं की मी कशातून बघतोय. क्ष-किरण शोधणाऱ्या रोंटगेन यांनी १८९५ मध्ये भिंगं लावून पाहिली होती, किरण एकवटेनात. आपल्या बीमलाईनवर, म्हणजे रिंगमधून किरण सॅम्पलपर्यंत आणणाऱ्या वाटेवर, भिंगाचं काम करते ती झोन प्लेट म्हणजे सोन्याची एकात एक कडी, बाहेर जावं तशी बारीक होणारी. सगळ्यात बाहेरचं कडं जितकं अरुंद, तितका तपशील बारीक. आणि मग ती १९९६ ची गोष्ट, याच ८४४ मीटर घेराच्या सिंक्रोट्रॉन रिंगवरची: ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ओळीने भोकं पाडली आणि तेच भिंग झालं. क्ष-किरणांसाठी धातूचा अपवर्तनांक एकाहून किंचित कमी, त्यामुळे पोकळ जागाच किरण गोळा करते. एका भोकाने काही होत नाही, म्हणून रांग. "पोकळी बघायला आलास ना, बघायचं साधनही पोकळीच," म्हणून तू हसलीस. मी मात्र झोपेने पेंगत होतो, माफ कर.

सकाळच्या स्कॅनमध्ये कडा एकेरी आल्या. दोन पोकळ्यांच्या मध्ये जेमतेम १५० नॅनोमीटरची नळी दिसली. पाण्याला ती फारशी सोयीची नाही. पण आहे. थीसिसचं चौथं प्रकरण त्या नळीवरच उभं आहे.

आणखी एक कबुली. लॅबमधली ज्युनिअर पुढच्या महिन्यात तिकडे येतेय. तिला गोंदाचं आणि शून्य अंशाचं सांगितलं. "तुम्हाला कसं सुचलं?" म्हणाली, तर मी नुसती मान डोलावली. आज हे पत्र तिलाही पाठवतोय.

तुझा,
विहिरीवाला