बदल उलटतो, तरी रासायनिकच

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पदार्थांचा अभ्यास तर भौतिकशास्त्रवालेही करतात, मग तुझं रसायनशास्त्र वेगळं ते कशात?" मी हसून विषय बदलला, कारण धड उत्तर सुचेना. इतकी वर्षं याच विषयात काढूनही! आज प्रयोगशाळेला सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहितेय.

शाळेतली व्याख्या तुम्हाला आठवत असेल: पदार्थांची रचना, गुणधर्म आणि त्यांच्यातले बदल यांचा अभ्यास. चूक काही नाही, पण इतकी ऐसपैस की निम्मं भौतिकशास्त्र तिच्यात मावेल. तिच्यामागून येणारा नियम मात्र मला खरंच खटकतो: उलटवता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक. गेल्या आठवड्यात नव्या मुलांना मोरचूद तापवून दाखवला. निळे खडे हळूहळू फिके पडतात, परीक्षानळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि तळाशी उरते पांढरी भुकटी. ती गार झाल्यावर वरून पाण्याचा एक थेंब सोडायचा. पडला तेवढीच जागा निळी होते आणि नळी बोटांना गरम लागते. झाला ना बदल उलटा? अठराव्या शतकातल्या लॅव्हॉझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तर पारा हवेत बारा दिवस तापवून त्याची लाल पूड केली आणि तीच पूड आणखी तापवून पारा परत मिळवला. सोबत निघाला तो ऑक्सिजन. ज्या प्रयोगानं आमच्या शास्त्राला पाया दिला, तोच उलट फिरणारा!

ज्याचं आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही कसोटीही त्यानंच 1789 मध्ये नीट मांडली. त्याच्या 33 जणांच्या यादीत प्रकाश आणि उष्णताही होती, ते सोडा.

पण पदार्थात काय काय आहे एवढं कळून भागत नाही. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजन कार्बन आणि हायड्रोजनच्या मधे बसला तर इथेनॉल, 78 अंशांना उकळणारं. तोच दोन कार्बनच्या मधे बसला तर डायमिथाइल ईथर, उणे 24 अंशांनाच उकळून जाणारा वायू. सामान तेच, बांधणी वेगळी.

म्हणून माझं उत्तर असं. अणूंची केंद्रकं शाबूत राहतात. बदलते ती इलेक्ट्रॉनांची देवघेव आणि भागीदारी. तेवढ्यानं एका पदार्थाचा दुसरा कसा होतो, किती वेगानं होतो, त्यात ऊर्जा किती लागते किंवा सुटते, हे शोधणारं शास्त्र ते रसायनशास्त्र. आणि नुसतं शोधणारं नाही, घडवणारंही. खगोलशास्त्रज्ञाला अभ्यासासाठी तारा घडवता येत नाही. आम्ही मात्र कधीच अस्तित्वात नसलेला रेणू आधी बनवतो आणि मग त्याचा अभ्यास करत बसतो. मला या विषयात धरून ठेवलंय ते यानंच.

केंद्रकालाच हात घातला की आमची हद्द संपते. गंमत म्हणजे रदरफोर्डला 1908 चं नोबेल मिळालं ते मूलद्रव्यांच्या विघटनाच्या कामासाठी, आणि तेही रसायनशास्त्राचं! तो होता पक्का भौतिकशास्त्रज्ञ. स्वतःच्या या 'रूपांतरा'वर त्यानं थट्टाही केली होती.

आता तुम्ही विचाराल, पाण्यात मीठ विरघळतं ते कुठे बसवायचं? स्फटिकातले सोडियम आणि क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटे होतात, प्रत्येकाला पाण्याचे रेणू घेरतात, पण नवा पदार्थ काही हाती लागत नाही. पाणी आटवलं की मीठ पुन्हा तसंच. माझा सहकारी म्हणतो हे भौतिक. मी म्हणते, आयनांमधले बंध तुटले, मग ते आमचंच. काल जेवायच्या सुट्टीत यावरून चांगलीच जुंपली होती. तुम्ही कुणाच्या बाजूनं, ते रविवारी फोनवर सांगा.

आईला नमस्कार.

तुमची,
छकुली