पडद्याची तपासणी ठरवली आहे

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

रागवायच्या आधी पूर्ण वाचा. शुक्रवारी सकाळी दहाची अपॉइंटमेंट घेतली आहे, गंगापूर रोडला, डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे. न विचारता घेतली, कारण विचारलं असतं तर "मोतीबिंदू काढला तेव्हा सगळं बघितलंय" हे उत्तर ठरलेलं. बाबा, मोतीबिंदू भिंगाचा. साखर बिघडवते तो मागचा पडदा, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या. त्या पाझरायला लागल्या तरी सुरुवातीला दुखत नाही की कमी दिसत नाही. 'लोकमत' वाचता येतो म्हणजे पडदा ठणठणीत, असं नसतं.

दिवाळीत तुमच्या फाइलचे फोटो काढून नेले होते. शुगर २००६ पासूनची. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.९ टक्के. वरचं बीपी १६०, आणि गोळी मात्र एक दिवसाआड. लघवीत प्रोटीन (त्याच कागदामागे आईने दुधाचा हिशोब लिहिलाय!). मधुमेहाची वर्षं, चढी साखर, चढं बीपी, किडनी, कोलेस्टेरॉल, डोळ्यांना बाधणारं सगळं एकाच फाइलीत. जेवणानंतरच्या 'एकाच' सिगरेटीबद्दल मी भेटल्यावर बोलेन.

तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असं म्हणत नाहीये हं. प्रेसच्या रात्रपाळ्यांत वेळेवर कोण जेवलंय? नोटांच्या शीटवरचा टाचणीएवढा डाग पकडायचात आणि पाळी करून आल्यावर माझ्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घही. मला ते डोळे अजून खूप वर्षं हवे आहेत, बाबा.

घाई एवढ्यासाठी की आता इन्सुलिन सुरू होणार. खूप वर्षं चढलेली साखर झपाट्याने उतरली तर पडद्याचा त्रास काही काळ वाढूही शकतो. म्हणून आधी पडदा बघून घ्यायचा. इन्सुलिन टाळायला हे निमित्त नाही, मी तुम्हाला ओळखते.

आई, तूही येणार आहेस. शुगर आत्ता निघाली म्हणून तू सुटत नाहीस. कळण्याआधी किती वर्षं ती अंगात होती कुणास ठाऊक! म्हणून निदान झालं की लगेच डोळे दाखवायचे, आणि मग डॉक्टर सांगतील तसे, बहुधा दरवर्षी.

घाबरण्यासारखं काही नाही. थेंब घालतील, बाहुली मोठी होईपर्यंत बसवतील, मग आत बघून फोटो काढतील. काही निघालंच तर लेसर आहे, डोळ्यातली इंजेक्शनं आहेत, आणि वेळेत सापडलं तर नजर बहुतेक वेळा टिकते. बसायला खुर्च्या चांगल्या आहेत, बाथरूम त्याच मजल्यावर आहे, फोन करून विचारलं मी.

गुरुवारच्या पंचवटी एक्सप्रेसने येते. रिक्षा मी ठरवलीय, जेल रोडपासून भाडं किती ते विचारायचं नाही. स्कूटरची किल्ली आईकडे द्यायची, थेंबांनी काही तास अंधुक दिसतं आणि उन्हाने डोळे दिपतात. गॉगल घ्या. बीपीची गोळी त्या दिवशीही घ्यायची, आणि रोजच. चक्कर येते तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील, पण मनाने बंद नाही.

उपाशी यायचं नाही. आई, उपमा कर. येताना मिसळ खाऊ असं बाबा म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुमची,
मनू