मंत्रीसाहेब, त्या नाण्याची मागची बाजू दाखवा

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन एका सरकारी म्युझियममध्ये गेलो होतो, खास रोमन नाणी बघायला. काचेखाली पाच-सहा चांदीची नाणी, सगळ्यांची फक्त मुंडक्याची बाजू वर आणि लेबल काय तर "रोमन नाणे, चांदी". बस्स. मुलगी म्हणाली बाबा सगळी सेमच आहेत, आणि गेली पुढे.

मला फार लागलं ते. कारण त्यातलं एक ऑगस्टसचं, म्हणजे पहिल्या रोमन सम्राटाचं होतं, कडेला "पातेर पात्रिए" म्हणजे राष्ट्रपिता असं लिहिलेलं, त्यामुळे पाठीमागे काय असणार हे मला माहीत होतं. दक्षिण भारतात ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस यांची डेनारियस, म्हणजे रोमन चांदीची नाणी ढिगाने सापडलीत, आपल्या रुपयापेक्षा जराशी लहान, वजन चार ग्रॅमच्या आत. आणि ऑगस्टसच्या या नाण्याच्या पाठीवर एवढ्याशा जागेत टोगा, म्हणजे रोमन लोकांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र घातलेली दोन पोरं उभी, मधे ढाली आणि भाले, वर पुजाऱ्याची पळी, लांब दांड्याची, अगदी आपल्या संध्येच्या पळीची आठवण यावी अशी, आणि शेजारी वाकडी काठी. गायस आणि लुसियस. ऑगस्टसच्या लेकीची मुलं, आजोबानेच दत्तक घेतलेली, उद्याचे वारस हेच असं अख्ख्या साम्राज्याला सांगायचं तर ते हातोहात फिरणाऱ्या नाण्यावरच सांगणार ना! टाकसाळ आजच्या फ्रान्समधल्या ल्योंची. लुसियस इ.स. २ मध्ये गेला, गायस इ.स. ४ मध्ये, गादीवर बसला टायबेरियस. पोरं गेली, नाणी मात्र व्यापाराच्या गलबतांतून इथवर पोचली.

आपल्याकडचंही बघा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची हजारो चांदीची नाणी मिळाली, कितीतरींवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. अशी नाणी एकाच बाजूने दाखवली तर अर्धा इतिहास गायबच की.

साहेब, यात फार खर्च नाहीये. नाण्याखाली छोटा आरसा लावा, नाहीतर मागच्या बाजूचा मोठा फोटो शेजारी ठेवा, आणि कडेच्या लॅटिन अक्षरांचा अर्थ तिथल्या लोकांच्या भाषेत लिहा. तुमच्या खात्याखालच्या म्युझियम्सना एक परिपत्रक काढलंत तरी सुरुवात होईल.

घरी आल्यावर मुलीला त्या नाण्याच्या पाठीचा फोटो दाखवला, ती बराच वेळ बघत बसली आणि मग विचारलं, ही दोघं तिथे होती? मी म्हटलं हो गं, पालथी होती.

आपला,
नाणी जमवणारा एक बाप