ग्रंथपालांच्या परिषदेत भाषणे कमी, नोंदी जास्त हव्यात

मा. संपादक यांस,
स. न.

बडोदे आणि लगतच्या जिल्ह्यांत मराठी, गुजराती, सिंधी, उर्दू व आदिवासी भाषांची पुस्तके सांभाळणाऱ्या ग्रंथपालांची प्रादेशिक परिषद दरवर्षी बडोद्यात भरावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मात्र दीपप्रज्वलन, सत्कार आणि बीजभाषण यांत सकाळ गेली, तर जेवणानंतर हाती दोन तास उरतात आणि कामाला हातच लागत नाही. या परिषदेत शेजारी शेजारी बसून आपापल्या ग्रंथयाद्यांतल्या नोंदी जुळवायच्या आहेत.

बडोद्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 साली ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून आणले, पुढच्या वर्षी ग्रंथपालांचे वर्ग सुरू झाले. 1912 पासून संस्थानचे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. आज त्याच शहरातल्या मराठी ग्रंथालयाला शेजारच्या गुजराती ग्रंथालयात काय आहे ते कळायला कोणाला तरी फोन करावा लागतो.

अडते कुठे, ते सांगतो. काकासाहेब कालेलकर मराठीतही आहेत आणि गुजरातीतही. मराठी यादीत ते 'कालेलकर, द. बा.', तर गुजरातीत 'कालेलकर, काकासाहेब'. दोन्ही याद्या एकत्र केल्या की एका माणसाचे दोन लेखक होतात. मराठीत आपण 'शहा' लिहितो, गुजरातीत 'शाह'. त्यात मराठी नोंदीत नुसती आद्याक्षरे असली की दोन वेगळे शहा एकत्र मिसळतात. म्हणून नोंदीत स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव पूर्ण लिहावे, टोपणनावाखाली 'मुख्य नाव पाहा' अशी नोंद द्यावी, आणि कोणते रूप मुख्य धरायचे ते परिषदेतच ठरवून टाकावे. पहिल्या वर्षी 200 नावे झाली तरी पुष्कळ.

लिपीचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. देवनागरी आणि गुजराती यांचे युनिकोड तक्ते, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांचे तक्ते, एकाच साच्यावर आखलेले आहेत. 'क' पासून 'ह' पर्यंत दोन्हींतल्या जोडीच्या अक्षरांच्या क्रमांकांत 384 चाच फरक पडतो. त्यामुळे साध्या सूत्राने पूर्ण यादीचे लिप्यंतर होते. फसते ते मराठीच्या दोन अक्षरांवर. 'ॲ' आणि 'ऱ' यांच्या गुजराती जागा रिकाम्या आहेत, तिथे चौकोन उमटतात. 'ॲ' साठी गुजराती 'ऍ' हाताने जोडून द्यावा लागतो, आणि 'ऱ' चा साधा 'र' करावा लागतो. त्याहून मोठा घोळ मराठी नोंदींच्या आतच आहे. 'ॲ' कोणी एका कळीने टंकतो, कोणी 'अ' वर चंद्र लावतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एकच सापडते. 'दऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांतल्या अर्ध्या र चेही तेच. परिषदेच्या आधीच शोधा-बदला करून एक रूप पक्के केले नाही, तर एकत्र यादी पहिल्याच दिवशी अविश्वासाची होते. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधल्या याद्या असतील त्यांनी त्या आधी रूपांतरित कराव्यात. हे काम परिषदेच्या दिवशी होत नाही, हे निमंत्रणातच स्पष्ट लिहावे.

सिंधीची अडचण वेगळी आहे. फाळणीनंतर बडोद्यातल्या वारसियात वसलेल्या कुटुंबांकडची जुनी पुस्तके अरबी वळणाच्या 52 अक्षरांच्या लिपीत आहेत, आणि ती वाचणारी पिढी थकत चालली आहे. हे काम आजच करायला हवे, पाच वर्षांनी नाही. शीर्षक व लेखक देवनागरीत लिहून पुस्तकाच्या पाठीवर चिकटवणे आणि मार्क या संगणकीय ग्रंथनोंदीच्या साच्यात मूळ लिपी 880 क्रमांकाच्या क्षेत्रात राखणे, या दोन गोष्टी एका वाचणाऱ्याने आणि एका टंकणाऱ्याने जोडीने बसून कराव्यात.

छोटाउदेपूर, तेजगढ भागातली भिली, राठवी या आदिवासी भाषांतली पुस्तके गुजराती लिपीत छापलेली दिसली की नोंद करणारा सरळ गुजरातीचा संकेत लावतो, आणि ती पुस्तके कायमची गुजरातीत बुडतात. मार्कच्या भाषायादीत भिलीला स्वतंत्र संकेत नाही, हे त्याचे एक कारण. उपाय आहे: भाषेच्या 041 क्षेत्रात दुसरा निर्देशक 7 ठेवून (म्हणजे संकेत दुसऱ्या यादीतला आहे असे सांगून) आयएसओ 639-3 या आंतरराष्ट्रीय भाषायादीतला 'बीएचबी' (bhb) हा संकेत द्यायचा. पण पुस्तक भिलीत आहे की गुजरातीत, हे ती बोली बोलणाऱ्या ग्रंथपालाशिवाय कोण सांगणार? त्यांना पाहुणे म्हणून बोलावू नये, एकेका टेबलाचे प्रमुख करावे.

आखणी साधी असावी. 30 ग्रंथालये, प्रत्येकाचे दोन जण, त्यांतला एक तरी रोज खिडकीवर बसणारा. एकहाती ग्रंथालयांना त्या दिवसापुरता बदली माणूस किंवा त्याचे पैसे द्यावेत, नाहीतर ते येऊच शकत नाहीत. प्रत्येकाने 50 नोंदी एका तक्त्यात आणाव्यात. टेबलावर सहा-सात जण आणि त्यांत दोन भाषा नीट जाणणारा एक असावा. माइकवरून भाषांतर करत बसले की वेळ दुप्पट जातो. तारीख नवरात्र आणि उत्तरायण टाळून, फेब्रुवारीत. ग्रंथपाल दिन 12 ऑगस्टला असला तरी तो दिवस घेऊ नये. विश्वामित्री नदीच्या पुराने ऑगस्ट 2024 मध्ये काय केले ते शहराला ठाऊक आहे. पुस्तके भिजली की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा कोणाच्या वरच्या मजल्यावर कोणाची पुस्तके हलवायची याचा तक्ताही याच परिषदेत व्हावा.

अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो, चिनी, आशियाई-पॅसिफिक आणि मूळनिवासी अशा पाच ग्रंथपाल संघटनांनी 2006 साली डॅलसला पहिली संयुक्त परिषद घेतली. दुसरी भरायला 2012 उजाडले. आपले अंतर तास-दोन तासांच्या बसप्रवासाचे आहे, इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. खर्चासाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे परिसंवादांच्या साहाय्याखाली अर्ज करता येईल. अर्जात मंडप आणि स्मृतिचिन्हांऐवजी दोन भाषा जाणणाऱ्या टंकलेखकांचे मानधन आधी लिहावे. परिषदेनंतरचे तीन महिने नोंदी तपासायला तेच लागणार आहेत.

आपले,
काही ग्रंथालय कर्मचारी, बडोदे