अहवाल फडापर्यंत पोहोचतच नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या मालाच्या पुरवठ्यात कुठे वेठबिगारी किंवा बालमजुरी आहे का, हे कंपन्यांनी दरवर्षी लिहून द्यावे, असे कायदे बऱ्याच देशांत झाले. ब्रिटनचा 2015 चा, ऑस्ट्रेलियाचा 2018 चा. कॅनडाचा 1 जानेवारी 2024 पासून लागू आहे. अहवाल 31 मेपर्यंत द्यायचा, नाही तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. आपल्याकडे शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून असा अहवाल सक्तीचा केला. उत्तम. पण तो लिहिणारा साहेब उसाच्या फडापर्यंत, म्हणजे ऊसतोड चालते त्या शेतापर्यंत, येणार कोणत्या वाटेने?

मी बीड जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. दसरा उलटला की आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि वर्ग रिकामा व्हायला लागायचा. काही मुले हंगामी वसतिगृहात राहायची. पण घरात तान्हे मूल असेल, तर थोरली पोरगी आईबापाबरोबर जाणारच. कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, बाळ सांभाळायला, पाणी भरायला, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करायला कोणीतरी लागते. तिला कोणी मजुरी देत नाही, म्हणून ती कोणाच्याच कागदावर बालमजूर नाही. चौथीतली अशी एक मुलगी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आली, तेव्हा हातांवर पाचटाचे चरे होते आणि वही दिवाळीआधीच्या पानावरच थांबलेली.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने उचलीचा, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांचा, कागद वाचून घ्यायला आणला. नोटरी केलेला. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्याची उचल. पण लिहिलेले काय, तर ‘घरगुती अडचणीसाठी हातउसने’. कारखान्याचे नाव नाही, उसाचा उल्लेख नाही, बायकोचे तर नावच नाही. अर्ध्या हंगामात तो निघून आला, तर तो काम सोडलेला मजूर नव्हे, बुडवा देणेकरी ठरणार. उचलीपायी माणूस कामाला बांधला गेला, तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा त्यालाच वेठबिगारी म्हणतो. कागद करणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

शीतपेयाची कंपनी साखर घेते कारखान्याकडून नाही तर व्यापाऱ्याकडून. कारखान्याचा करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा मजूर आणणाऱ्या मुकादमाशी, मुकादमाचा मजुरांच्या टोळीशी. विचारले की कारखाना म्हणतो, मजूर आमचे नव्हेतच. सेबीच्या हिशेबात कंपनीच्या खरेदीपैकी किमान 2 टक्के माल देणारा तेवढाच पुरवठादार, आणि 2025 पासून त्याची माहितीही ऐच्छिक. सहकारी कारखाने तर शेअर बाजारातच नाहीत. कॅनडाचा कायदासुद्धा काय पावले उचलली ते सांगा म्हणतो, उचलाच असे म्हणत नाही.

फडावरची खरी माहिती कागदावर आणण्याचे काम पुण्यात साखर आयुक्तांच्या टेबलावर होऊ शकते. दर हंगामाचा गाळप परवाना तेच देतात. शेतकऱ्यांची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) थकली की परवाना अडतो, हे संघटनांनी भांडून मिळवलेले आहे. त्याच अर्जाला मुकादमवार टोळीची यादी जोडायला लावा. नवरा आणि बायको यांची नावे वेगळी, ज्याची त्याची उचल, बरोबर आलेली मुले आणि ती कोणत्या शाळेच्या पटावर आहेत ते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे ठरलेच आहे. त्या पैशाचा हिशेब तरी या यादीशिवाय कसा लावणार? मोठ्या कंपन्यांनाही मग अहवालात लिहायला काहीतरी खरे मिळेल.

मुकादम म्हणतील, टोळ्या उचल घेऊन पळतात, आम्ही बुडतो. तेही खोटे नाही. माझ्याच गावातला एक जण त्यात जमीन घालवून बसला. कागदावर खरे लिहिलेले असते, तर त्यालाही कुठे दाद मागता आली असती.

गाळपाचे अर्ज आता थोड्या दिवसांत सुरू होतील. गावात उचलीचे वाटप आषाढापासूनच चालू आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. बीड