किनाऱ्यावरच्या कुलपाबद्दल मित्रास पत्र

शहादा, जि. नंदुरबार
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात येऊन गेलो आणि तुझ्या गावापासून तीन तासांच्या अंतरावरून, तुला न भेटताच परत फिरलो, याचा तुला राग आला असेल. आईचे गुडघे फार दुखू लागल्यामुळे तसे करावे लागले. ते दुखणे ज्या कारणाने वाढले ते तुला लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण तू किनाऱ्यावरच्या नगरपंचायतीत अभियंता आहेस आणि माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली आहे.

किनारा कोणता ते लिहीत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आई पहिल्यांदाच समुद्र पाहत होती. आपली तापी याच समुद्राला मिळते असे मी सांगताच, तापीवर करते तशीच तिने पाण्याची ओंजळ भरून वाहिली. अर्ध्या तासाने तिला स्वच्छतागृहात जायचे होते. वाहनतळाशेजारी फरशा बसवलेली चांगली इमारत होती, पण पुढच्या दोन्ही दारांना कुलूप होते. मागचे एक दार उघडे दिसले, म्हणून मी कडी ओढली, तर ती गंजून पापुद्रे झालेली, हातात नुसता भुगा आला. आत तोटी नव्हती, नळाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती आणि बेसिनच्या जाळीवर बोटभर वाळू बसली होती. शेवटी शहाळी विकणाऱ्या एका ताई आईला आपल्या घरी घेऊन गेल्या. ते घर चढणीवर होते, जांभ्याच्या वीस-बावीस उंच पायऱ्यांवर. उतरताना आईचे गुडघे बसले. पुढचे दोन दिवस तिने प्रवासात पाणी पिणेच सोडले. आमच्या घरातल्या बायकांना यात नवल वाटले नाही, प्रवासाला निघताना त्या नेहमीच कमी पाणी पितात. मला मात्र हे इतक्या वर्षांत कधी कळले नव्हते आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

वाहनतळाची पावती आम्ही फाडली होती. म्हणजे पाहुण्यांकडून पैसा येतो, पण तो या इमारतीच्या कुलपापर्यंत पोहोचत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतल्या, नगरपालिका-नगरपंचायतींकडे सोपवायच्या अठरा विषयांत रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे एकाच ओळीत येतात, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. अडचण कुठे आहे तेही मला कळते. गावाची घरपट्टी आणि पाणीपट्टी काही हजार माणसांच्या हिशोबाने जमा होते आणि सलग सुट्ट्या आल्या की त्याच्या कितीतरी पट माणसे किनाऱ्यावर उतरतात. इमारतीसाठी पर्यटनाचा निधी येतो, जिल्हा नियोजनातून येतो. ती रोज धुणाऱ्या माणसाचा पगार मात्र नगरपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून द्यावा लागतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून किनाऱ्यावर येणारी माणसे वाढतच गेली आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की नव्या बांधकामाचा प्रस्ताव करताना त्याच कागदावर देखभालीचा वार्षिक खर्च आणि तो कोणत्या उत्पन्नातून भागवणार, हे लिहिलेले असल्याशिवाय तू सही करू नयेस.

सारंगखेड्याची यात्रा तुला आठवत असेल. दत्तजयंतीला तापीकाठच्या त्या लहानशा गावात घोड्यांच्या बाजारासाठी किती माणूस लोटतो! तिथे पाण्याच्या कामावर असताना मी एक शिकलो, की टाकी कितीही मोठी असो, तिच्याजवळ रात्री जागा राहणारा माणूस नसेल तर पहाटे लोकांना पाणी मिळत नाही. तुमच्याकडे तर यात्रा डोंगराएवढी आणि महिनोन्‌महिने चालणारी. एका स्वच्छतागृहाला दोन पाळ्यांत दोन माणसे, त्यांना हातमोजे, गमबूट आणि महिन्याच्या महिन्याला पगार, एवढे झाले तरी निम्मे काम होईल. हे काम गावातल्या महिला बचत गटाला देता आले तर अधिक बरे, कारण त्या ताईंसारख्या बायका आजही आपल्या घराचे दार उघडून ते फुकट करत आहेत.

बांधकामाबद्दल अधिक लिहीत नाही, तू जाणतोस. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही, म्हणून कडी, कोयंडा आणि बिजागरी गंज न धरणाऱ्या धातूच्याच असाव्यात. पाय धुण्याची जागा दाराबाहेर असावी म्हणजे वाळू आतल्या नळीत जाणार नाही, आणि सेप्टिक टँक हंगामाच्या आधी उपसलेला असावा. किनाऱ्याजवळच्या विहिरींतून उन्हाळ्यात भरमसाट उपसा केला तर पाणी खारट होते, तेव्हा पावसाचे पाणी साठवणारी टाकीही हवी.

स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाचे तू मागे लिहिले होतेस. २०२० मध्ये आपल्या देशातल्या आठ किनाऱ्यांना ते पहिल्यांदा मिळाले. त्याचे ३३ निकष आहेत, पण मला त्यातली एक गोष्ट फार पटली: ते कायमचे मिळत नाही, दर वर्षी पुन्हा तपासून घ्यावे लागते. तशी तपासणी तुमच्या नगरपंचायतीच्या सभेने मानांकनाविनाही सुरू करावी, दारावर साफसफाईची वही टांगावी आणि दिवसातून चार वेळा तिच्यावर सही व्हावी.

मार्चपूर्वी तुमचे अंदाजपत्रक मांडले जाईल. त्यात किनाऱ्यावरच्या देखभालीसाठी खर्चाचे वेगळे शीर्ष उघडले गेले की तो आकडा मला कळव, मग तो लहान असला तरी चालेल. आई होळीनंतर पुन्हा समुद्र पाहायला यायचे म्हणते आहे आणि या वेळी आधी तुझ्या गावचा किनारा दाखवीन, असे मी तिला कबूल केले आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र